काटा

दवाखान्यातला काटा एकशेपन्नासवर थांबला.
थांबला म्हणजे टेकला,
दमलेला माणूस भिंतीला टेकतो तसा.
नर्स लेसिएली काही बोलली नाही,
मला धक्क्यावर घेऊन गेली,
जपानला जाणारे भोपळे तोलतात तिथं.

पेटाऱ्याच्या जागी मी उभी राहिले.
हमालांनी तोंडं फिरवली, मान राखून.
काटा सरकला, सरकत राहिला.
एकशेत्रेसष्ट.
वहीवाल्या पोरानं सवयीनं पुढं लिहिलं:
दर्जा अ.

मी एवढी हसले की लोखंडी फळी हलली.
रडले ते घरी आल्यावर, चुलीशी.

माझा सातेकी ऑकलंडला असतो.
दर ख्रिसमसला निळं पिंप येतं बोटीनं:
खारवलेल्या मांसाचे डबे, शेवयांची पाकिटं, साखर,
आणि फटीफटीत कोंबलेले त्याचे जुने शर्ट.
झाकण काढलं की आधी त्याच्या साबणाचा वास येतो.
आता सांगा,
तो डबा नको म्हणणं
म्हणजे पोराचा हात झटकणंच की नाही?

डब्यातल्या मांसाला हाड नसतं, काटा नसतो.
दातांना काही विचारत नाही ते,
सरळ खाली उतरतं,
पाहुण्यासारखं येतं आणि मालकासारखं राहतं.

ईनोकेची, माझ्या नवऱ्याची, दोन बोटं गेली पायाची.
आधी करंगळी, मग तिची शेजारीण.
साखर, म्हणाले डॉक्टर.
त्यानं चपला मात्र तशाच ठेवल्या, पूर्वीच्याच मापाच्या.

घरामागं आमची आठ एकर, गवतात बुडालेली.
पहिल्या दिवशी कुदळीचे अकरा घाव घातले.
मोजले.
मग तिथंच बसले, कोंबड्या जमल्या बघायला.
आठवड्यानं गवताखाली कोनफळाचा वेल सापडला,
कोणी न विचारता पोसत राहिलेला.
खणलं तर गुडघ्याएवढं कोनफळ,
मातीनं माखलेलं, आतून जांभळं.
ते उचलताना लागलेला दम
हा निराळाच दम होता.

रविवारी उमूत, तापल्या दगडांवर,
नारळाच्या दुधातली अळूची पुडी ठेवली.
आत डबा नाही, बोय घातली.
चर्चहून आलेली नणंद पुडी सोडून म्हणाली,
"पैसे संपले का गं?"
मी म्हटलं, "हो."
सोपं पडतं तसं सांगणं.

बोय खाताना बोटं जागी लागतात.
एकेक काटा शोधायचा, पानाच्या कडेला ठेवायचा.
तेवढ्या वेळात पोट म्हणतं, पुरे.
वीस वर्षं हा आवाज ऐकला नव्हता मी.
बारीक आहे फार.
एवढ्या मोठ्या बाईत एवढासा आवाज.

अंगी लागणं म्हणजे काय, हे आई सांगायची.
आम्ही समजायचो, अंगाला चिकटणं.

सगळे दिवस असे गेले नाहीत.
ईस्टरला तीन घरी जेवले, पाकिटातल्या शेवयाही,
उभ्यानं, कच्च्याच, कुरुमकुरुम.
फळीवर अजून एक डबा आहे.
उघडणारच नाही असं म्हणत नाही.

नवव्या महिन्यात दवाखान्यातला काटा
एकशेसत्तेचाळीसवर थरथरत राहिला.
टेकला नाही.
लेसिएलीनं आकडा दोनदा लिहिला,
एकदा कागदावर, एकदा स्वतःच्या तळहातावर.

रात्री सातेकीचा फोन आला.
"डबे नकोत," म्हटलं.
"मग काय पाठवू?"
"गळ पाठव. बारीक, सात नंबरचे.
आणि कुदळीला दांडा."
पलीकडं बराच वेळ काही नाही.
मग म्हणाला, "आई, इथं मासा काटे काढूनच मिळतो."
"तू किती भरतोस रे आता, वजनानं?"

"लाईन खराब आहे," म्हणाला.

लाईन चांगली होती.
त्याचा श्वास ऐकू येत होता मला,
जिना चढून आल्यासारखा.